हॉलच्या दगडावर काय लिहिलं होतं

परवा आमच्या गावच्या टाउन हॉलला रंग दिला, पुढं लोखंडी कुंपण घातलं आणि दारात एक पाटी ठोकली. हा गावाचा वारसा आहे, जतन करा, भिंतीवर काही लिहू नका. नातवानं मला त्या पाटीचा फोटो आणून दाखवला आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. भिंतीवर लिहू नका म्हणे! त्या भिंतीवर जे लिहिलेलं होतं ते छिन्नी लावून कुणी काढलं, तेवढं आधी लिहा की पाटीवर. नुसते दगड आणि चुना म्हणजे वारसा असेल, तर परंड्याच्या किल्ल्यातल्या वटवाघळांनाही वारसदार धरा.

मी सांगते काय झालं ते. त्या दिवशी कचेरीत जे जे हजर होते, त्यांतलं माझ्याशिवाय आता कुणी उरलेलं नाही. म्हणजे मला खोटं पाडायलाही कुणी नाही. तरी खरंच सांगणार आहे, कारण यात माझीही लाज आहे.

आमचं गाव तालुक्याचं, निजामाच्या राज्यातलं. बाजाराच्या टोकाला तहसील कचेरी आणि तिच्यासमोर हा हॉल. काळ्या दगडाचा, पाच कमानींचा, वर सागवानी छत, खाली शहाबादी फरशी. सहा दिवस तो पुरुषांचा असे. वकिलांच्या बैठका, अंमलदारांचे सत्कार, वर्षातून एखादा मुशायरा. मंगळवारी मात्र सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत तो बायकांचा. चपराशी सकाळी मधल्या कमानीला तांबडा जाडा पडदा लावायचा आणि समोरच्या लिंबाखाली पाठ करून बसायचा. दिवसभरात एकाही पुरुषानं पायरी चढायची नाही, मग तो तहसीलदार का असेना.

ती जागा मुळात एका अत्तरवाल्याच्या विधवेची. मुसलमान बाई, मूलबाळ नव्हतं, माझ्या जन्माआधीच वारली. सरकारनं हॉलसाठी जागा मागितली तेव्हा तिनं ती तशीच देऊन टाकली आणि एकच अट घातली. आठवड्यातला एक दिवस बायकांना द्यायचा, आणि ही अट दगडावर कोरून दाराशेजारी बसवायची. ती शुक्रवार मागेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं मंगळवार मागितला. मंगळवार तुळजापूरच्या देवीचा, त्या दिवशी सुनेला देवळात जाऊ नको म्हणायची कुठल्या सासूची छाती नाही. आणि आमच्या बायकांना तर कुठलाच वार मोकळा नसतो, मग मंगळवार काय वाईट, असं ती म्हणाली होती म्हणे. फार हुशार बाई. तिचं नाव दगडावर होतं, म्हणून मी इथं लिहीत नाही. जिथं कोरलं होतं तिथून ते गेलं, आता माझ्या वहीत येऊन त्याला काय मिळणार.

बायका आत काय करतात, याचा पुरुषांना फार संशय. कुणी म्हणे चुगल्या, कुणी म्हणे देवऋषीपणा. सांगू काय करायच्या? पाय पसरून बसायच्या. बस. घरात बाई बसली की एक तर उकिडवी नाही तर मांडी घालून, आणि पुढ्यात सूप नाही तर परात. सासऱ्याच्या, दिरांच्या घरात पाय लांब केले तर केवढा गहजब. इथं थंडगार फरशीवर, भिंतीला पाठ लावून, साठ-सत्तर बायका पाय पसरून बसायच्या. माळ्याची, तांबोळ्याची, पिंजाऱ्याची, वकिलाचीसुद्धा. बुरखे खुंटीला आणि पदर खांद्यावर. कुणी डोळे मिटून घोरायची. गावकुसाबाहेरच्या बायकांना मात्र आम्ही आत घेत नव्हतो. दगडावर ‘तमाम औरतें’ असं लिहिलं होतं, म्हणजे सगळ्या बायका, तेही आम्ही पाळलं नाही. पुरुषांवर चिडताना हे विसरून चालणार नाही.

दगडावर काय होतं ते मला कसं कळलं, तर वाचून. माझे वडील, आबा, अर्जनवीस होते. कचेरीच्या आवारात चटई टाकून बसायचे आणि लोकांचे अर्ज उर्दूत लिहून द्यायचे. कचेरीची भाषा उर्दू, शाळेची उर्दू, कोर्टाची उर्दू, त्यामुळं गावातला प्रत्येक शिकलेला पुरुष, हिंदू असो की मुसलमान, उर्दू वाचायचा. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हा मी नऊ वर्षांची होते. त्यांनी मला पाटीवर अलिफ-बे गिरवायला बसवलं आणि दोन वर्षांत माझं अक्षर त्यांच्यापेक्षा सुरेख झालं. दिवसा लोकांचं म्हणणं ऐकून यायचं, घरी मला सांगायचं, मी लिहायचं, सही त्यांची. सतरा वर्षांची झाले तरी माझं लग्न जमत नव्हतं. पत्रिका जुळत नाही, असं आबा सांगायचे. पत्रिका चांगल्या दोनतीनदा जुळल्या होत्या. मी गेल्यावर अर्ज कुणी लिहिले असते?

तर अकरा वर्षांची असताना मी आईबरोबर हॉलवर गेले आणि दगड वाचून दाखवला. सहा ओळी होत्या. सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, निजामाचं नाव पदव्यांसकट. खाली त्या बाईचं नाव, जागा दिल्याचं, आणि मग अट. मंगळवारचा दिवस बायकांचा, कुणी हरकत घेऊ नये, ही अट कायम राहील. बायकांना दिवस माहीत होता, पण आपल्यासाठी दगडावर कोरलेलं आहे हे त्यांनी कधी कानांनी ऐकलं नव्हतं. एक म्हातारी माळीण होती, ती रडायलाच लागली. मला जवळ ओढून म्हणाली, “पुन्यांदा वाच गं.” त्यानंतर दर मंगळवारी मी वाचायची आणि ती पदराखाली हात जोडून ऐकायची. पुढं तिनं घरून कुंकवाचा करंडा आणला. “येवढं आपल्यासाठी लिवलंय, त्याला कोरडं कसं ठिवायचं?” म्हणाली आणि दगडाला कुंकू लावलं. मग सगळ्याच लावू लागल्या, मुसलमान बायका बाजूला उभ्या राहून हसायच्या.

आता कुंकू लावायचं कुठं? कपाळाला. दगडाचं कपाळ म्हणजे वरची ओळ. आणि वरच्या ओळीत कोण, तर निजाम. सहा वर्षं आमच्या बायकांनी दर मंगळवारी निजामाला कुंकू लावलं. मला ते दिसत होतं आणि मला हसू यायचं. घरी जाऊन मी आबांना सांगायची, आम्ही दोघं पोट धरून हसायचो. आजी, तिथं नको, चार बोटं खाली लावा, एवढं म्हणायला मला काय झालं होतं?

मग ते वाईट साल आलं. रझाकारांच्या त्या वर्षात लोक गावं सोडून सोलापूरकडं पळाले. हॉलवर चार-दोन बायका यायच्या, पडदा मात्र लागायचा. भाद्रपदात फौज आली, निजामाचं राज्य गेलं. गावात गूळ वाटला, झेंडा लागला, मीही टाळ्या वाजवल्या, आणि त्या टाळ्या खऱ्या होत्या. पण पुढच्या मंगळवारी हॉलवर एकही मुसलमान बाई आली नाही. त्यांच्या कित्येक घरांत त्या आठवड्यात काय झालं ते गावाला माहीत आहे आणि गाव त्यावर मूग गिळून बसलं आहे. शाळेत उर्दू शिकवणारे मौलवीही बायकामुलांना घेऊन निघून गेले.

गावात कमिटी झाली. तिचा पुढारी थोरला वकील. तीस वर्षं कोर्टात उर्दूत भांडलेला माणूस, शेर म्हटल्याशिवाय पान तोंडात घालत नसे. एका दुपारी तो आमच्या ओसरीवर आला. मी आतल्या दाराशी दौत घेऊन बसले होते.

“अर्जनवीस, एक अर्ज पायजे. हालावरचा निजामाचा दगड काढायचाय.”

आबा म्हणाले, “वकीलसाब, खाली त्या बाईची अट हाय. तुमी वाचलीय की.”

“वाचलीय. पर आपल्या बायका काय करत्यात ते बघितलं का? निजामाच्या नावाला कुंकू! उद्या नवा साहेब येईल, त्याला काय सांगायचं? गावाच्या तोंडाला काळं.”

“मग नुसती वरची ओळ काढा.”

वकील हसला. “कमिटीला बसायला जागा पायजे, अर्जनवीस. वाचनालय करायचंय. आठवड्याला एक दिवस कुलूप लावून कसं चालंल?” मग आवाज खाली आणून म्हणाला, “आन मागल्या सालच्या लई कागदांवर तुमचं अक्षर हाय. मला काय म्हणायचं न्हाय. लोक म्हणत्यात.”

त्या वर्षात रझाकार येऊन जे लिही म्हणतील ते आबांना लिहावं लागलं होतं. नाही म्हणायची सोय नव्हती. अक्षर आबांचं, असं वकिलाला वाटत होतं. अक्षर माझं होतं. वकील गेल्यावर आबांनी चटईची एक काडी उपटली आणि मला म्हणाले, “घे कागद.”

कचेरीत अजून जुनेच कारकून होते आणि जुनीच भाषा चालू होती. म्हणून तो अर्ज उर्दूत लिहावा लागला. गावातून उर्दू दगड काढा, असा उर्दू अर्ज! त्यात लिहिलं की दगडावर मागच्या राजवटीची निशाणी आहे, त्यामुळं गावकऱ्यांच्या भावना दुखावतात, तरी तो काढण्याची परवानगी व्हावी. अटीचा एक शब्द नाही. मी कलम थांबवली.

“आबा, मंगळवारचं?”

“लिही.”

“पर आबा, बायकांचं…”

“लिही म्हणलं ना!”

मी लिहिलं. सुरेख लिहिलं, अक्षरांचे नुक्ते, म्हणजे ठिपके, जागच्या जागी. इतकी वर्षं झाली, मला त्या अक्षराचा अजून राग येतो.

परवानगी आठ दिवसांत आली. पाथरवट बोलावला. तो अडाणी, पण त्यानं शिडीवर चढून विचारलं, “वरलंच काढू का समदं?” कमिटी खाली उभी होती, पाचही जणांना उर्दू येत होतं. थोरला वकील म्हणाला, “समदं.” मी आणि आई कचेरीच्या कोपऱ्यावर उभ्या होतो. पाथरवटानं आधी कुंकू फडक्यानं पुसलं, मग छिन्नी लावली. त्या बाईचं नाव दुपारी जेवायच्या आत गेलं.

पुढच्या मंगळवारी पडदा नव्हता. आत सतरंजी, लोड, वर्तमानपत्रं आणि तोंडं वर करून बसलेले सातआठ पुरुष. आम्ही वीसेक बायका पायऱ्यांवर उभ्या. म्हातारी माळीण पुढं झाली.

“आज मंगळवार हाय. उठा की वो.”

थोरल्या वकिलानं पेपर खाली न घेता विचारलं, “मंगळवार हाय मग? कुठं लिवलंय?”

माळिणीनं सवयीनं हात दगडाकडं केला. तिथं खरवडलेला पांढुरका चौकोन होता. आत कुणीतरी फिदीफिदी हसलं. म्हातारीचा हात तसाच राहिला आणि मला वाटलं आत जाऊन त्या वकिलाचं पागोटं काढून फरशीवर आपटावं. आपटलं नाही. घरी आले आणि लिहायला बसले.

यावेळी मराठीत, कारण नवा साहेब आला होता, मुंबई इलाख्यातला, त्याला उर्दूचं एक अक्षर येत नव्हतं आणि कचेरीतले जुने कारकूनही तोवर बदलले होते. दगडाच्या सहाही ओळी मला पाठ होत्या. त्या मराठीत उतरवल्या, खाली मागणी लिहिली की वरची ओळ गेली ते ठीक, पण अट पुन्हा कोरून द्यावी. माळिणीनं दारोदार फिरून चाळीस बायकांचे अंगठे घेतले. त्यात सात मुसलमान घरांतले होते. त्या आठवड्यांत त्या गल्लीत जायला पुरुष धजत नव्हते, ही म्हातारी दौतीत बुडवायची चिंधी घेऊन गेली. आबांना मी अर्ज दाखवला. त्यांनी डोळ्याजवळ धरून सगळा वाचला आणि काही न बोलता परत दिला. मला वाटलं, याला हो म्हणतात.

साहेबानं दोन्ही बाजूंना कचेरीत बोलावलं. आत मी, आबा, आणि कमिटीतले तिघं. बायका बाहेर पायऱ्यांवर. साहेब तरुण होता, सभ्य होता. त्यानं माझा अर्ज मोठ्यानं वाचला आणि थोरल्या वकिलाला विचारलं, “दगडावर असं काही होतं का?”

“आमाला काय ठावं, साहेब? आमाला उर्दू कुठं येतं?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वकील पुढं म्हणाला, “वरलं निजामाचं नाव तेवढं वळखू यायचं, नाण्यावर असतं तसं. खालचं काय ते त्यांनाच म्हाईत.” दुसरा वकील म्हणाला, “मलाबी येत न्हाय.” तिसऱ्यानं नुसती मान हलवली. महिन्याभरापूर्वी हीच माणसं शेर म्हणत होती. गुलामीची भाषा म्हणून थुंका, मी समजू शकते. पण येतच नाही? तीस वर्षं जिच्यावर पोट भरलं ती भाषा यांच्या डोक्यातून पाथरवटानं काढली होती की काय?

साहेबानं आबांकडं पाहिलं. “तुम्ही मुलीचे वडील. तुम्ही लिखापढीचं काम करता ना? तुम्हाला येतं का उर्दू?”

थोरला वकील आबांकडं बघत होता, अगदी प्रेमानं.

आबा म्हणाले, “न्हाय साहेब. मला येत न्हाय.”

ज्यांनी माझं बोट धरून अलिफ काढलं, ते हे बोलले. आई पुढं आयुष्यभर म्हणत राहिली की ते मला वाचवत होते, कागदांवरचं अक्षर कुणाचं ते बाहेर आलं असतं तर माझी धडगत नव्हती. म्हणू दे. असेलही खरं. माझा राग त्यानं कमी झाला नाही, उलट त्यात आणखी एक काटा शिरला.

साहेबानं कागद टेबलावर ठेवला. “मग हा मजकूर वाचला कुणी?”

“म्या वाचलाय, साहेब. मला येतं.”

त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. “तुला? कुणी शिकवलं?”

एक शब्द होता, आबांनी. तो शब्द उच्चारला की आबा सरकारी साहेबासमोर खोटं बोलले हे ठरणार, आणि त्याच्यामागून वकील मागल्या सालचे कागद काढणार. बाहेर चाळीसांतल्या निम्म्या बायका बसल्या होत्या.

“कुणी न्हाय,” मी म्हणाले.

“कुणी नाही म्हणजे? आपोआप आलं?”

मी खाली बघितलं. “येत न्हाय मला, साहेब.”

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. कागदाची घडी घालत म्हणाला, “बाळ, कुणी सांगितलं म्हणून असं काहीबाही लिहू नये.” थोरला वकील म्हणाला, “पोर हाय, साहेब, सोडून द्या.” आणि मला सोडून दिलं.

आबा मागच्या दारानं गेले. मी पुढच्या दारानं बाहेर आले. बायका उठल्या, माळीण सगळ्यात पुढं.

“काय म्हणला साहेब?”

“साहेब काय म्हणणार? मीच न्हाय म्हणले.”

“कशाला न्हाय म्हणलीस?”

“मला वाचता येत न्हाय, असं सांगितलं.”

सहा वर्षं दर मंगळवारी तिनं माझ्या तोंडून तो दगड ऐकला होता. ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली, काही समजायचं राहिलंय का असं चाचपत. मग तिनं पदर डोक्यावर घेतला आणि पायऱ्या उतरून गेली. मरेपर्यंत ती माझ्याशी बोलली नाही, आणि तिच्या जागी मी असते तर मीही बोलले नसते.